इतिहासाच्या रेघा कुणी आखल्या?

प्राचीन, मध्ययुगीन आणि आधुनिक ही विभागणी आपण शाळेत पाठ करतो आणि पुढे आयुष्यभर गृहीत धरतो. वस्तुतः प्रत्येक देशाने आपल्या इतिहासाचे खंड आपापल्या गरजेनुसार पाडले आहेत. दिल्ली, पुणे आणि लंडन येथे आखलेल्या या रेघा तापीकाठच्या खानदेशात कितपत लागू पडतात, याचा हा मागोवा.

भारतातील मध्ययुगाचा आरंभ कधी झाला, असा प्रश्न स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्याला विचारला, तर बहुधा १२०६ हे साल पुढे येते. त्या वर्षी कुतुबुद्दीन ऐबक दिल्लीच्या गादीवर आला आणि सुलतानशाहीला प्रारंभ झाला. आठव्या शतकापासूनच मध्ययुगाची सुरुवात मानणारे अभ्यासक आहेत, हे खरे. परंतु सर्वसामान्य वाचकाच्या मनात ठसलेली रेघ दिल्लीच्या सत्तांतराचीच आहे.

आता याच सुमाराचा एक शिलालेख पाहा. जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावच्या दक्षिणेस सातमाळा डोंगराच्या कुशीत पाटणे हे गाव आहे. तेथील लेखावर शके ११२८, म्हणजे सन १२०६-०७ हा काळ नोंदलेला आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. थोर गणिती भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी ज्योतिषी होता. आपल्या आजोबांच्या 'सिद्धांतशिरोमणी' आदी ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्याने पाटणे येथे मठ स्थापला आणि यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभ घराण्यातील सोइदेवाने त्यासाठी दान दिले, असे हा लेख सांगतो. लेख मुख्यतः संस्कृतात आहे. दानाच्या तपशिलाचा काही भाग मात्र तत्कालीन मराठीत आहे.

म्हणजे दिल्लीत ज्या सुमारास आपल्या पाठ्यपुस्तकातील मध्ययुग अवतरले, त्याच सुमारास खानदेशात गणित आणि खगोलशास्त्राच्या अभ्यासासाठी संस्था उभी राहत होती. गिरणा-तापीच्या खोऱ्यातील माणसाच्या लेखी त्या वर्षी कोणतेही युग संपले नव्हते आणि कोणतेही सुरू झाले नव्हते. यादवांची सत्ता पुढे शतकभर टिकून होती. मग १२०६ ही रेघ खानदेशच्या नकाशावर कुणी ओढली, आणि का?

युरोपचे माप

प्राचीन, मध्ययुगीन व आधुनिक या त्रिभाजनाचा उगम युरोपात आहे. चौदाव्या शतकात पेट्रार्क या इटालियन कवीला रोमच्या वैभवानंतरचा काळ अंधाराचा वाटला. पुढे प्रबोधनकाळातील विद्वानांनी ग्रीक-रोमन वैभव आणि आपला स्वतःचा काळ यांच्या मध्ये जे काही घडले, त्याला 'मधला काळ' म्हणून बाजूला सारले. सतराव्या शतकाच्या अखेरीस ख्रिस्तोफ सेलारियस या जर्मन प्राध्यापकाने या तीन भागांनुसार इतिहासाची पुस्तके लिहिली आणि ही विभागणी विद्यापीठांत रूढ झाली. याचा अर्थ, 'मध्ययुग' हे नाव त्या काळातील माणसांनी स्वतःला दिलेले नाही. नंतरच्यांनी त्यांना ते चिकटवले, आणि त्यात एक प्रकारची हेटाळणीही होती.

खुद्द युरोपातही या रेघांबद्दल एकमत नाही. फ्रान्समध्ये पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून १७८९ च्या राज्यक्रांतीपर्यंतचा काळ 'आधुनिक' आणि त्यानंतरचा 'समकालीन' समजतात. त्यामुळे फ्रेंच विद्यार्थ्याच्या दृष्टीने नेपोलियन 'समकालीन' इतिहासात मोडतो. इंग्लंडचा वाचक ट्यूडर, स्टुअर्ट, व्हिक्टोरियन अशा राजघराण्यांच्या वा राण्यांच्या नावांनी काळ मोजतो. फ्रेंच इतिहासकार जाक ल गॉफ यांनी २०१४ साली प्रकाशित झालेल्या आपल्या पुस्तकात तर युरोपचे मध्ययुग अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत लांबते, असे प्रतिपादन केले. युरोपची ही स्थिती असताना आपण त्यांचे माप जसेच्या तसे वापरावे, हे नवलच म्हटले पाहिजे.

हे माप भारतात आले ते मात्र वेगळ्या वेषात. जेम्स मिल या ब्रिटिश लेखकाने १८१७ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानचा इतिहास प्रसिद्ध केला. मिल कधीही भारतात आला नव्हता. त्याने या देशाच्या भूतकाळाची हिंदू, मुसलमानी आणि ब्रिटिश अशी वाटणी केली. पहिल्या दोन खंडांना धर्माचे नाव आणि तिसऱ्याला मात्र राष्ट्राचे, हा त्यातील पंक्तिप्रपंच लक्षात घेण्याजोगा आहे. ब्रिटिश राजवटीला 'ख्रिस्ती कालखंड' असे कुणी म्हटले नाही. पुढे हिंदू, मुसलमानी आणि ब्रिटिश यांच्या जागी प्राचीन, मध्ययुगीन आणि आधुनिक हे शब्द आले. शब्द सौम्य झाले, पण पुष्कळ पाठ्यपुस्तकांत रेघा जुन्याच राहिल्या.

मराठी इतिहासकारांनी या चौकटीत स्वतःची जागा निर्माण केली. रियासतकार गो. स. सरदेसाई यांच्या ग्रंथांची नावेच बोलकी आहेत. 'मुसलमानी रियासत', 'मराठी रियासत' आणि 'ब्रिटिश रियासत' अशी ती मालिका. मिलच्या मांडणीत मराठ्यांना स्वतंत्र खंड नव्हता. सरदेसाईंनी तो दिला. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासात तर यादवकाल, बहमनीकाल, शिवकाल, पेशवेकाल आणि आंग्लकाल अशी आपली म्हणता येईल अशी विभागणी रूढ झाली. ती मराठीची असली, तरी तिचे केंद्र देवगिरी, रायगड आणि पुणे हे आहे. खानदेश तिच्याही काठावरच राहतो.

ज्याचे त्याचे वळण

इतर देशांकडे नजर टाकली तर एक गोष्ट स्पष्ट होते. प्रत्येक समाज आपल्या इतिहासातील रेघ तेथे ओढतो, जेथे त्याला स्वतःचे आयुष्य बदलल्याची जाणीव झाली.

चीनमध्ये शतकानुशतके राजवंशांच्या नावाने काळ मोजला गेला. तेथील आधुनिक इतिहासाचा आरंभ मात्र १८४० च्या अफू युद्धापासून मानतात. कारण त्या युद्धाने चीनला पाश्चात्त्य सामर्थ्यापुढे नमावे लागले. १९४९ च्या क्रांतीपासून पुढचा काळ समकालीन ठरतो. अपमान आणि त्यातून सुटका, असा या रेघांचा अर्थ आहे.

जपानमध्ये सम्राटाच्या कारकिर्दीगणिक नवे युग सुरू होते. १८६८ मध्ये मेईजी युग आले, त्यानंतर ताइशो, शोवा व हेइसेई झाले, आणि १ मे २०१९ पासून रेइवा युग सुरू झाले. ही केवळ इतिहासकारांची सोय नव्हे. जपानी माणूस सरकारी अर्जावर आपले जन्मवर्षही अमुक युगाचे अमुक वर्ष असे लिहितो. इतिहासाचा कालखंड तेथे रोजच्या व्यवहारात उतरला आहे.

मेक्सिकोत स्पॅनिश आक्रमणापूर्वीचा काळ, १५२१ नंतरची तीन शतकांची स्पॅनिश राजवट आणि १८२१ नंतरचे स्वातंत्र्य असे खंड पडतात. व्हिएतनामच्या इतिहासात इसवी सनपूर्व १११ पासून इसवी सन ९३९ पर्यंतचा हजारावर वर्षांचा काळ उत्तरेच्या, म्हणजे चीनच्या अमलाचा म्हणून ओळखला जातो. उत्तरेच्या सत्तेकडे पाहण्याची दक्षिणेची दृष्टी त्या नावातच सामावलेली आहे.

देशांना हे स्वातंत्र्य आहे. प्रदेशांना मात्र ते सहसा मिळत नाही. खानदेशसारखा प्रदेश देशाच्या रेघा देशाकडून, राज्याच्या रेघा राज्याकडून घेतो आणि आपला भूतकाळ त्यात कसाबसा बसवतो. बसवताना काय गळून पडते, ते पाहू.

खानदेशची उलटतपासणी

आरंभ अगदी तळापासून करू. अश्मयुग, कांस्ययुग आणि लोहयुग हा क्रम डेन्मार्कच्या थॉमसन यांनी कोपनहेगनच्या संग्रहालयातील वस्तू लावताना बसवला व १८३६ मध्ये प्रसिद्ध केला. युरोपच्या उत्तरेला तो चपखल लागू पडला. तापीच्या खोऱ्यात मात्र दगड आणि तांबे दीर्घकाळ बरोबरीने नांदले, म्हणून येथे 'ताम्रपाषाणयुग' हा वेगळा शब्द वापरावा लागतो. या काळातील एका संस्कृतीला तापीकाठच्या सावळदा या गावाचे नाव मिळाले आहे. धुळे जिल्ह्यातील कवठे, गिरणाकाठचे बहाळ आणि तापी-गोमाई संगमावरचे प्रकाशे येथील उत्खननांनी या भागातील आद्य शेतकऱ्यांचे जीवन समोर आणले. प्रकाशे पूर्वी धुळे जिल्ह्यात होते. आता ते नंदुरबार जिल्ह्यात मोडते. पाटण्याला तर त्याहूनही कितीतरी मागे जाता येते. तेथे पुरातत्त्वज्ञ साळी यांना शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे नक्षी कोरलेले तुकडे सापडले. ते सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचे आहेत. ज्या गावात भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा मठ होता, त्याच गावच्या मातीत कलेची ही खूण निघावी, हा योगायोग विलक्षण आहे.

पुढे येते ते 'गुप्तकाळ' नावाचे सुवर्णयुग. अजिंठ्याची चित्रे गुप्तकलेचा नमुना म्हणून कित्येक पुस्तकांत नमूद झालेली आढळतात. प्रत्यक्षात पाचव्या शतकातील अजिंठा वाकाटकांचा आहे. तेथील सोळाव्या क्रमांकाचे लेणे वाकाटक सम्राट हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने खोदविले. सतराव्या लेण्याचा दाता ऋषीक देशाचा मांडलिक राजा होता, आणि ऋषीक म्हणजे आजचा खानदेश असे अनेक अभ्यासक मानतात. जळगावहून तासा-दीड तासाच्या अंतरावरील ही लेणी आपल्याच शेजारच्या राजाच्या दानातून उभी राहिली असावीत. तरीही त्यांच्यावर शिक्का बसला तो मगधातील घराण्याचा.

'मौर्यकाळ' हे असेच दुसरे उदाहरण. पुस्तकातील मौर्य इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात संपतात. चाळीसगावजवळच्या वाघळी येथे मात्र शके ९९१, म्हणजे सन १०६९ चा लेख आहे. यादव राजा दुसरा सेउणचंद्र याचा मांडलिक गोविंदराज याचे नाव त्यात येते आणि तो स्वतःला मौर्य कुळातील म्हणवतो. पाटलीपुत्रातील साम्राज्य लयाला जाऊन बारा शतके लोटल्यावरही गिरणाकाठी मौर्य हे नाव जिवंत होते. राजवंशाच्या नावाने आखलेला कालखंड किती ठिसूळ असतो, याचा हा पुरावा होय.

यानंतर येतो खानदेशचा सर्वांत दुर्लक्षित काळ. १३७० च्या सुमारास दिल्लीच्या फिरोजशहा तुघलकाने मलिक राजा फारुकी याला थाळनेर आणि करवंदची जहागीर दिली. १३८२ च्या सुमारास तो स्वतंत्रपणे राज्य करू लागला. त्याचा मुलगा नासीरखान याने असीरगड घेतला आणि तापीकाठी बुऱ्हाणपूर वसविले. ही राजवट १६०१ पर्यंत, म्हणजे सुमारे २२० वर्षे टिकली. पेशवाईचा काळ याच्या निम्म्याहूनही कमी भरतो. तरीदेखील मराठी वाङ्मयेतिहासात या अवधीला नाव मिळते ते 'बहमनीकाल', आणि देशाच्या इतिहासात १५२६ पासून 'मोगलकाल' सुरू होतो. खानदेश बहमनी राज्यात नव्हता, आणि १५२६ मध्ये तो मोगलांकडेही नव्हता. अकबराला असीरगड मिळाला तो जानेवारी १६०१ मध्ये. बाबराच्या पानिपतनंतर तब्बल ७५ वर्षांनी येथे मोगल आले. आपल्या मुलाच्या, दानियालच्या नावावरून अकबराने या सुभ्याला 'दानदेश' हे नाव दिले. धुळे जिल्ह्यातील थाळनेर येथे फारुकी राजांच्या कबरी आजही उभ्या आहेत. ज्या कालखंडाला पुस्तकात नाव नाही, त्याच्या वास्तूकडे वाटसरूचे लक्ष जात नाही, आणि तिची देखभाल मागायलाही कुणी पुढे येत नाही.

मराठ्यांच्या बाबतीतही तेच. रायगडावर १६७४ मध्ये शिवराज्याभिषेक झाला, तेव्हा खानदेश मोगलांचा श्रीमंत सुभा होता. शिवाजी महाराजांच्या फौजा धरणगाव आणि चोपड्यापर्यंत आल्या त्या शत्रूच्या मुलखावरील स्वारीसाठी. १७१९ मध्ये दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा मराठ्यांना मिळाल्या, त्यांत खानदेश होता. त्यानंतर कित्येक दशके एकाच रयतेकडून दोन सत्तांचे कारभारी वसूल घेत राहिले. १७५२ च्या भालकीच्या तहाने खानदेशचा बराच भाग आणि १७६० च्या उदगीरच्या तहाने असीरगड व बुऱ्हाणपूर मराठ्यांकडे आले. मग 'मोगलकाल' संपून 'मराठाकाल' नेमका कधी सुरू झाला? १७१९, १७५२ की १७६०? प्रामाणिक उत्तर असे की, येथे एका ओळीची रेघ नाहीच. चाळीस वर्षांचा रुंद पट्टा आहे, आणि त्या पट्ट्यात शेतकऱ्याला दोन्ही राजवटींचा भार सोसावा लागला.

१८१८ च्या जानेवारीत मंदसोरच्या तहाने होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख इंग्रजांना दिला. कागदावर सत्तांतर झाले. थाळनेरच्या किल्लेदाराने मात्र फेब्रुवारीत प्रतिकार केला. किल्ला पडला आणि इंग्रज सेनापतीने किल्लेदाराला फाशी दिले. पुढे कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळ्यात बस्तान मांडले आणि 'ब्रिटिश काळ' सुरू झाला. पण तो सर्वांसाठी एकाच दिवशी सुरू झाला नाही.

भिल्लांची रेघ

सातपुडा आणि सातमाळ्याच्या रांगांतील भिल्ल समाजाला हिंदू, मुसलमानी आणि ब्रिटिश या तीन खणांपैकी कोणताच खण लागू पडत नाही. घाटवाटांची राखण आणि त्याबद्दल मिळणारे हक्क हा त्यांच्या व्यवस्थेचा आधार होता. गादीवर कोण आहे याने त्यात फारसा फरक पडत नसे. १८१८ नंतर नवे राज्यकर्ते आणि भिल्ल यांच्यात वर्षानुवर्षे चकमकी चालल्या. १८२५ मध्ये जेम्स आउट्रम याने भिल्लांचीच पलटण उभारली. तिचे ठाणे धरणगावात होते. १८५७ मध्ये खाज्या नाईक याने सेंधव्याच्या घाटात बंड उभारले आणि एप्रिल १८५८ मध्ये आंबापाणी येथे मोठी लढाई झाली.

त्यानंतरची मोठी रेघ १८७८ ची आहे. त्या वर्षीच्या वन कायद्याने जंगल सरकारी झाले. ज्या जमिनीवर आणि झाडांवर पिढ्यान्‌पिढ्या हक्क होता, तेथे पाऊल टाकणे गुन्हा ठरू लागले. ते हक्क काही अंशी मान्य करणारा वनहक्क कायदा संसदेने २००६ मध्ये केला. भिल्लांच्या दृष्टीने इतिहास लिहायचा तर १५२६ किंवा १७०७ या सालांना काय महत्त्व? त्यांचे कालखंड खुले जंगल, बंद जंगल आणि हक्कासाठी झगडा असेच पडतील. दोन आदिवासीबहुल तालुक्यांतील शाळांतून मात्र मुले दिल्लीच्या गाद्यांची यादीच पाठ करतात, आणि त्या यादीत आपले पूर्वज कुठे होते हा प्रश्न त्यांना पडला, तर पुस्तकाकडे त्याचे उत्तर नसते.

नावाचाच वाद

कालखंडाची निवड किती गंभीर गोष्ट आहे, हे 'खानदेश' या नावावरूनच कळते. हे नाव फारुकी राजांच्या 'खान' या किताबावरून पडले, असे एक मत. कृष्णाच्या, म्हणजे कान्हाच्या नावावरून 'कान्हदेश' झाला, असे दुसरे. यादवांच्या 'सेउणदेशा'शी त्याचा संबंध जोडणारे तिसरे. अहिराणी बोलीमुळे अभीरांशी नाते सांगणारेही आहेत. अभीरांच्या काळाशी निगडित असलेली व इसवी सन २४८-४९ पासून मोजली जाणारी कालगणना पश्चिम भारतात दीर्घकाळ वापरात होती, हे येथे ध्यानात घ्यावे.

वरवर पाहता हा शब्दाच्या व्युत्पत्तीचा वाद आहे. खोलात गेल्यावर लक्षात येते की, वाद या प्रदेशाची खरी ओळख कोणत्या कालखंडात शोधायची याविषयीचा आहे. ज्याला अभीरकाळ प्रिय तो एक व्युत्पत्ती उचलतो, ज्याला यादवकाळ प्रिय तो दुसरी. फारुकींचा काळ 'परक्यांचा' मानून वगळायचा असेल, तर नावाचाही दुसरा उगम शोधावा लागतो. म्हणूनच 'मुसलमानी कालखंड' या लेबलाकडे सावधपणे पाहिले पाहिजे. ते दोनशे-चारशे वर्षांच्या साऱ्या व्यवहाराला एकाच धर्माच्या रंगात बुडवते.

एका मशिदीतील तिथी

या लेबलाला छेद देणारा पुरावा बुऱ्हाणपुरातच आहे. हे शहर आज मध्य प्रदेशात असले, तरी ती फारुकींच्या खानदेशची राजधानी होती. तेथील जामा मशीद सोळाव्या शतकाच्या अखेरीस आदिलशाह फारुकी याने बांधली. तिच्यात अरबी लेखाबरोबर संस्कृत लेखही कोरलेला आहे. त्या संस्कृत लेखात फारुकी राजांची वंशावळ आहे आणि काळ दिला आहे तो संवत १६४६, शके १५११. इसवी सनाप्रमाणे ही तिथी जानेवारी १५९० मध्ये येते. मशिदीत संस्कृत लेख, आणि त्यात विक्रम संवत व शालिवाहन शक यांचा उल्लेख. तो कोरविणाऱ्या राजाला आपण 'मुसलमानी कालखंडात' राहत आहोत असे वाटत असेल काय?

खानदेशातील जुन्या कागदांतही अशीच अनेक सने एकत्र नांदतात. मोगल दप्तरात हिजरी आणि फसली, पंचांगात शालिवाहन शक, गुजराती-मारवाडी व्यापाऱ्यांच्या वह्यांत विक्रम संवत, आणि मराठी कारभाराच्या पत्रांत अरबी संख्यावाचक शब्दांनी लिहिलेले सुहूर सन. 'इहिदे सितैन मया व अलफ' असे एखाद्या पत्रावर असले, तर तो सुहूर सन ११६१, म्हणजे पानिपतच्या तिसऱ्या लढाईचे, १७६०-६१ चे साल. या सनाचे वर्ष सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करतो तेव्हा सुरू होई, म्हणून त्याला मृगसाल असेही म्हणत. अरबी शब्दांत मोजलेले, मराठी मोडीत लिहिलेले आणि पेरणीच्या हंगामाशी जुळवलेले हे वर्ष कोणत्या धर्माचे म्हणायचे?

या सनांचा गुंता सोडविण्यात आयुष्य वेचणारा संशोधक खानदेशशी निगडित आहे, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडशः प्रसिद्ध केली. बखरी आणि ग्रँट डफ यांच्या लेखनातील कालविपर्यास त्यांनी अस्सल पत्रांच्या आधारे दाखवून दिले. आयुष्याच्या अखेरीस ते धुळ्यात होते. ३१ डिसेंबर १९२६ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांनी जमविलेल्या साधनांचा सांभाळ व्हावा म्हणून १९२७ मध्ये धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. आधी अस्सल कागद, मग तारीख, आणि त्यानंतर निष्कर्ष ही राजवाड्यांची शिस्त होती. तयार चौकटीत घटना कोंबण्याच्या सवयीवर तीच उतारा ठरू शकते.

लोकांचे कालखंड

राजे आणि तह यांच्यापलीकडे सामान्य माणसाचेही कालखंड असतात. त्याच्या रेघा पाऊस, दुष्काळ, साथी आणि बाजारभाव ओढतात. १६३० ते १६३२ च्या भीषण दुष्काळात खानदेश होरपळला, तेव्हा शहाजहान बादशहाचा मुक्काम बुऱ्हाणपुरातच होता. १८०२ मध्ये होळकरांच्या फौजांनी मुलूख लुटला आणि पाठोपाठ दुष्काळ आला. कित्येक गावे ओस पडली. खानदेशच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने पेशवाईचा अंत १८१८ च्या तहात नव्हे, तर या वाताहतीतच झाला होता, असे म्हणता येईल.

१८६० च्या दशकात दोन गोष्टी एकदम घडल्या. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव कडाडले, आणि भुसावळपर्यंत रेल्वे आली. तापीखोऱ्यातील कापूस मुंबईमार्गे थेट इंग्लंडच्या गिरण्यांत जाऊ लागला. युद्ध संपताच भाव कोसळले. जगाच्या बाजारातील चढउताराशी खानदेशच्या कापूसवाल्याचे नशीब बांधले गेले ते तेव्हापासून, आणि ती गाठ अद्याप सुटलेली नाही. या प्रदेशातील 'आधुनिक काळ' कुठून मोजायचा, असे कुणी विचारले, तर १७५७ च्या प्लासीपेक्षा हे दशक सांगणे अधिक सयुक्तिक ठरेल.

१८९९-१९०० चा दुष्काळ गुजरात-राजस्थानात विक्रम संवत १९५६ वरून 'छप्पनिया' म्हणून ओळखला जातो. महाराष्ट्रात १९७२ चा दुष्काळ असाच मापदंड झाला. घरातील वडीलधारी माणसे 'बहात्तरच्या आधी' आणि 'बहात्तरनंतर' असे म्हणतात, तेव्हा तीही इतिहासाचे खंडच पाडत असतात. प्रशासनाचीही आपली विभागणी आहे. १९०६ मध्ये खानदेशचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. १९६० मध्ये त्यांना जळगाव व धुळे ही नावे मिळाली. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. 'खानदेश' हे नाव सरकारी नकाशावरून गेले, पण लोकांच्या बोलण्यातून गेले नाही.

रेघा पुसायच्या नाहीत

मग कालखंड पाडणेच सोडून द्यावे काय? तसे मुळीच नाही. रेघा नसलेला इतिहास म्हणजे अनुक्रमणिका नसलेला ग्रंथ. हजारो वर्षांचा पट समजून घेण्यासाठी खंड पाडावेच लागतात, आणि देशभरातील विद्यार्थ्यांना एकमेकांशी बोलता यावे यासाठी काही सामायिक रेघाही लागतात. आग्रह इतकाच की, प्रत्येक रेघेपाशी तीन प्रश्न विचारले जावेत. ही रेघ कुठे उभे राहून ओढली? त्या दिवशी कुणाचे आयुष्य बदलले? आणि कुणाचे बदलले नाही?

जळगाव आणि धुळ्याच्या शाळांना हे सहज करता येण्याजोगे आहे. वर्गाच्या भिंतीवर तीन समांतर पट्ट्या लावाव्यात. एक देशाची, एक महाराष्ट्राची आणि एक खानदेशची. देशाच्या पट्टीवर १२०६ येईल, तेव्हा खानदेशच्या पट्टीवर पाटण्याचा मठ दिसेल. तेथे १५२६ लिहिले असेल, तेव्हा येथे फारुकी असतील. १६७४ च्या खाली मोगल सुभा असेल, १८१८ च्या शेजारी थाळनेरचा किल्लेदार आणि १८७८ च्या शेजारी सातपुड्याचे जंगल. थाळनेर, वाघळी, बहाळ, पाटणे ही गावे कुठल्याही शाळेच्या सहलीच्या टप्प्यात आहेत. राजवाडे मंडळासारखी संस्था धुळ्यातच आहे.

असे केल्याने मुलांना दोन सालांऐवजी सहा साले पाठ करावी लागतील, ही भीती अनाठायी आहे. पाठ करण्याऐवजी ती तुलना करतील. आपला गाव इतिहासाच्या बाहेर नव्हता, हे त्यांना कळेल. पुढे कुणी एखाद्या शतकावर एकाच धर्माचे किंवा एकाच घराण्याचे नाव लिहून त्यांच्यासमोर ठेवले, तर त्या शतकातील मशिदीवर संस्कृतात शके १५११ असेही कोरलेले आहे, एवढे तरी त्यांना आठवेल.